वाट्याला आलेले कोंबडे

त्या वर्षातलं मला सलग काही आठवत नाही. दुपारी डोळा लागावा, मध्येच जाग यावी, परसातली माती उन्हात पांढरी दिसावी आणि ही सकाळ की संध्याकाळ ते क्षणभर कळू नये, तसं ते वर्ष गेलं. कोंबड्या मातीत खड्डे करून लोळायच्या. शेवग्याची बारीक पिवळी पानं त्यांच्या पाठीवर पडायची आणि तिथंच राहायची. परसदाराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून आप्पा, म्हणजे माझे सासरे, बसलेले असायचे. डोळे उघडे, पण बघतायत कुठं ते सांगता यायचं नाही.

सासूबाई त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेल्या. अंबाजोगाईला दवाखान्यात बरेच दिवस होत्या, तिथंच गेल्या. आप्पांनी दुकान माझ्या नवऱ्याच्या हवाली केलं आणि बोलणं बंद केलं. भांडून नाही, रुसून नाही, बोलायचं विसरूनच गेले. "आप्पा, जेवता का?" म्हटलं की मान हलवायचे, तेवढंच. ज्या माणसानं उभं आयुष्य किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून अख्ख्या गावाची फिरकी घेतली, गिऱ्हाईकानं पायरीवर पाय ठेवला की ज्याची टकळी सुरू व्हायची, त्याच्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी स्वभावानं फटकळ. मला भांडण चालतं, शांतता झेपत नाही. मी मुद्दाम भांडी आपटायची. आप्पा मान वळवूनही बघायचे नाहीत, आणि मला मोरीत बसून रडू यायचं.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. कांद्या-लसणालाही वारावारानं सुट्टी असलेलं. अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नव्हतं. अशा घरात कोंबड्या आल्या कशा, याचं गावाला अजून नवल वाटतं. मलाही वाटतं.

झालं असं की कार्तिकात मी आणि नवरा कपिलधारच्या यात्रेला जाऊन आलो आणि त्याच आठवड्यात शेजारची काकू ऊसतोडीला निघाली. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा टोळीबरोबर कारखान्याकडं जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेवढे महिने घराला कुलूप. शेळ्या तिच्या बहिणीकडं जातात आणि कोंबड्या कुणाकडं तरी वाट्यानं राहतात. वाट्यानं म्हणजे असं, की ठेवणाऱ्यानं सांभाळायच्या, अंडी उबवून पिल्लं काढायची. ती परत आली की मूळच्या कोंबड्या तिच्या आणि पिल्लं निम्मी निम्मी. आमच्या भागात ही रीत फार जुनी आहे. लिहून-बिहून कुणी ठेवत नाही आणि भांडणही फारसं ऐकू येत नाही.

काकू पऱ्हाटीच्या कुंपणावरून डोकावली. मी राख घेऊन भांडी घासत होते.

"वहिनी, औंदा माझ्या कोंबड्यायला कुनी न्हाई बगा. दरसाली ठिवायची ती बाई बी टोळीत निघालीय. तुमच्या वळखीत हाय का कुनी?"

मी सांगणार होते, की बाई, तू कुणाला विचारतेयस, आमच्या घरात कोंबडीचं चित्र असलेलं कॅलेंडरही नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हितं ठिव."

मी वळून बघितलं. आप्पाच बोलले होते. कित्येक महिन्यांत त्या तोंडातून आलेले पहिले दोन शब्द. हत्ती ठेव म्हणाले असते तरी मी त्या दिवशी ठेवून घेतला असता. रात्री नवरा म्हणाला, "आपल्यात कोंबड्या? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांनी आप्पांना बोलतं केलं असतं तर लोकांना विचारलं असतं." त्यानं दुसरी भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी काकूनं वेताचं डालं उघडलं आणि त्यातून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या परसात उतरले. एक काळी, एक उघड्या मानेची आणि एक करडी. करडी आधी सरळ आप्पांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. आप्पांनी वाकून बघितलं. दुकानाच्या जुन्या फळ्या काढून त्यांनी दोन दिवसांत खुराडं बनवलं. ते इतकं भक्कम झालं की नवरा म्हणाला, आपण राहायला जाऊ. दुकानात पाखडून उरलेला ज्वारीचा चुरा, फुटकी डाळ, सगळं परसाकडं येऊ लागलं. अंडी मी हात न लावता पदराच्या टोकानं उचलायची आणि टोपलीत ठेवायची. पहिले काही दिवस शेजारच्या बाळंतिणीला दिली. मग करडी खुडूक झाली.

खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून ती नुसतीच बसून राहायला लागली. हात पुढं केला की अंग फुलवून गुरगुरायची. बायकांना विचारून मी पाटीत भुस्सा आणि राख घातली, त्यावर तिच्याखाली अंडी ठेवली. आणि त्यानंतरचे जे दिवस आले, ते आठवले की मला अजून झोप येते, इतके ते सुखाचे होते.

हिवाळा होता. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत पाटी ठेवली होती आणि तिथल्या पत्र्याला एक भोक होतं. दुपारी त्यातून उन्हाचा एकच कवडसा आत यायचा. करडी दाणे टिपायला बाहेर गेली की आप्पा आत जायचे, एक अंडं उचलायचे आणि त्या कवडशात धरायचे. अंडं आतून उजळायचं. मी दाराला टेकून बघायची. आधी नुसतंच पिवळं दिसायचं. मग काही दिवसांनी आत लाल दोरे दिसले, आणि त्यांच्या मधोमध एक ठिपका. तो ठिपका हलत होता. धूळ कवडशातून वर चढत होती, बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, आणि आप्पा अंड्याला म्हणाले, "हाय की रं."

मला नाही म्हणाले. अंड्याला म्हणाले. पण त्या दिवसापासून ते बोलायला लागले. आधी अंड्यांशी, मग करडीशी, "उठ की आता, खाऊन घे, मी बसतो जरा" असं काहीतरी. मला त्या कोंबडीचा मत्सर वाटायचा. सून म्हणून मी एवढी वर्षं त्या घरात राबले, मला कधी "खाऊन घे" म्हणाले नव्हते. मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सासूबाई गेल्यापासून ते मी पहिल्यांदाच बघत होते.

पिल्लं निघाली. मग काळी बसली, तिचीही निघाली. परस भरून गेलं. सकाळचं ऊन कुंपणावरून आत आलं की त्या उन्हाच्या पट्ट्यात सगळी एका रांगेत उभी राहायची, पट्टा सरकला की तीही सरकायची. आप्पा त्यांच्याबरोबर खुर्ची सरकवायचे. वर घार दिसली की खुर्चीतून उठून "हाऽऽ हाऽऽ" ओरडायचे. त्या आवाजानं रस्त्यावरची माणसं थबकायची. वाण्याचा आवाज परत आला, असं गावात झालं.

त्या वर्षी कारखाना लवकर बंद झाला आणि शिमग्याच्या आधीच काकू परत आली. उन्हानं रापलेली, हाताला चिरा पडलेल्या, पण आल्या आल्या आधी आमच्या परसात. पिल्लं आता चांगली हाताएवढी झाली होती. वाटणीची रीत अशी, की सांभाळणाऱ्यानं आधी एक उचलायचं, मग मालकिणीनं एक, असं संपेपर्यंत. आप्पा स्वच्छ धोतर नेसून आले होते. मला तर सणासारखं वाटत होतं.

आप्पांनी पहिलं पिल्लू उचललं. तांबडं, लांब पायांचं, छाती काढून चालणारं. काकूनं एक मातकट, दबकं पिल्लू उचललं. आप्पांनी दुसरं उचललं, जाड पायांचं, डोक्यावर तुऱ्याची चांगली कड फुटलेलं. काकूनं परत एक मळकटच घेतलं.

"आप्पा, नीट बगून घ्या बरं," ती म्हणाली.

"बगूनच घ्यायलोय. माल वळखायला मला शिकिवतीस व्हय?"

काकूनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं तिला दम लागलाय. आप्पा मुळात वाणी. भरलेला, वजनदार, तजेलदार नग उचलायचा ही त्यांची जन्माची सवय. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती, आणि झाली असती तरी रविवारी कालवणात निस्तरली असती. आमच्या घरात कोंबडा कोणता आणि तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, कोणती हे बघायची कधी कुणाला वेळच आली नव्हती. शेवटी काकूनं तिचा वाटा डाल्यात भरला, काळी आणि उघड्या मानेची घेतली, तिचा जुना कोंबडा घेतला आणि करडीकडं बघितलं. करडी खुर्चीखाली होती.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी. ती काय आता माझं ऐकत न्हाई."

चैत्र-वैशाखात उलगडा झाला. एका पहाटे मला परसातून घसा बसल्यासारखी एक हाक ऐकू आली. थोड्या वेळानं दुसरी आली, मग तिसरी. मी अर्धवट झोपेत मोजत राहिले आणि मोजता मोजता परत झोपले. सकाळी सगळेच्या सगळे कुंपणावर, खुराड्यावर, मोरीच्या भिंतीवर चढून माना ताणून आरवत होते. नवरा दात घासत बाहेर आला, त्यानं एकदा सगळीकडं बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, ह्याच्यात कोंबडी कोणती?"

करडी धरून कोंबड्या होत्या तीन. बाकी सात कोंबडे. कुंपणापलीकडं काकू इतकी हसली की तिचा नवरा बाहेर आला.

आप्पांना काही वाटलं नाही. उलट त्यांना ते आवडलं. त्या उन्हाळ्यातल्या पहाटा मला अशाच आठवतात, की अंधार नुसता पातळ होतोय, अंगावर गोधडी नको झालीय, आणि घराच्या चारही बाजूंनी कोंबडे एकमेकांना उत्तरं देतायत. मध्येच आप्पांचा खोकला. मग त्यांचं एकेकाला नाव न घेता विचारणं, "कसं हाय रं, झोपला का नीट." तांबडा त्यांच्या खुर्चीच्या हातावर चढून बसायचा. त्यांच्या तळहातावरचे दाणे एकेक करून, अजिबात न टोचता उचलायचा. दुपारी मांडीवर डोळे मिटून बसायचा आणि आप्पाही डोळे मिटायचे. दोघांना तसं बघितलं की मी आवाज न करता मागं फिरायची. भांडी आपटायची मी, आता ताटलीसुद्धा हळू ठेवत होते.

पण हे सुख फक्त आप्पांचं होतं. कोंबड्यांचे हाल सुरू झाले होते. सात जण मिळून तिघींच्या मागं असायचे. एकानं सोडलं की दुसरा धरायचा. करडीच्या पाठीवरची पिसं गेली, मग कातडी लाल झाली, मग तिथं जखम झाली. मी हळद आणि तेल लावायची. ती दाणे टिपायला बाहेरच यायची नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या हंड्यामागं, भिंतीला तोंड करून उभी राहायची. सोवळ्यातल्या घरात कोंबडी हंड्यामागं, आणि मी तिला हाकलत नव्हते.

"धा-धा कोंबड्यायत एक नर बास झाला," काकूनं सांगितलं. "तुमच्यात सगळं उलटं हाय. पाच-सहा कमी करा, न्हाईतर करडी जाईल बगा."

आप्पांनी आपल्या परीनं उपाय केले. पाळीपाळीनं कोंबडे डाल्याखाली झाकले. काहींच्या पायाला दोरी बांधून खुंटीला अडकवलं. झाकलेला सुटला की दुप्पट जोमानं निघायचा. तांबडा तर घरच्यांवरही उठला होता. मी परसात गेले की उडी मारून पोटरीवर नख्या मारायचा, म्हणून मी झाडू घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. नवरा टोपलं पुढं धरून मोरीला जायचा. फक्त आप्पांना त्यानं कधी काही केलं नाही.

आखाड लागला आणि दाराशी माणसं यायला लागली. श्रावणाच्या आधी घराघरात कोंबडा लागतो, आणि गावातले सगळ्यात देखणे कोंबडे वाण्याच्या परसात. "आप्पा, एक द्या की."

"खायाला न्हाई."

"मग काय आरती करताव का त्यायची?"

गल्लीतून जाणारी पोरं एकमेकांना सांगायची, "चल बे, वाण्याच्या घरी कोंबड्यायची जत्रा भरलीय." आप्पा हसायचे, पण एकही कोंबडा दिला नाही. आपल्या हातानं कुणाचा जीव गेला नाही, हे एवढं एक त्यांनी आयुष्यभर जपलं होतं. मापात कधी कमी-जास्त झालं असेल, त्यांनीच कबूल केलं असतं, यात नाही.

एका सकाळी करडी हंड्यामागून उठेना. मी तिला पदराखाली उचलून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि पदर बाजूला केला. तिची पाठ त्यांना दिसली.

"बगा हे. तुमच्या लाडक्यायनी काय केलं ते बगा. ही मेली तर ते पाप कुनाच्या डोक्यावर?"

सासऱ्याशी असं बोलत नाहीत. मी बोलले. आप्पांनी वाकून ती पाठ नीट बघितली. मग म्हणाले, "मला चार दिस दे पोरी."

दुसऱ्या दिवशी ते टोपी घालून, काखेत एक कोंबडा धरून घराबाहेर पडले. सासूबाई गेल्यापासून त्यांनी रस्ता बघितला नव्हता. मी दारात उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होते. शेतातल्या वस्त्यांवर कोंबड्या असतात पण नर नसतो, नेला असतो मुंगसानं नाहीतर पाहुण्यानं. असं घर शोधून, सावली किती, खुराडं कसं, कोंबड्या किती, सगळं विचारून, कापणार नाही असा शब्द घेऊन ते कोंबडा देऊन आले. मुलगी द्यावी तशी चौकशी केली. जेवताना तासभर बोलत होते. कुणाची विहीर ढासळली, कुणाचा नातू पास झाला, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी त्याच्याकडं. भाकरी थापता थापता मला हसू येत होतं आणि डोळ्यातून पाणीही येत होतं, चुलीचा धूर म्हणून मी ते पुसलं.

असे ते एकेक करून दिले गेले. उरले दोन. एक तांबडा आणि एक वाकड्या तुऱ्याचा, भित्रा, दुसऱ्यांचं खाऊन झाल्यावर खाणारा. ठेवायचा एकच. आप्पांनी वाकड्या तुऱ्याचा ठेवला, करडीकडं बघून, आणि तांबड्याला एका वस्तीवर देऊन आले. त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत.

तांबडा आठवडाभरात परत आला. वस्तीवरची बाई त्याचे पाय बांधून घेऊन आली होती. बरोबर तिची लहान मुलगी. मुलीच्या गालावर हळद लावलेली, डोळ्याच्या अगदी खाली तीन ओरखडे.

"आप्पा, डोळाच गेलता बगा," बाई म्हणाली. भांडली नाही. कोंबडा खाली ठेवला, पाणी प्यायली आणि गेली.

आप्पांनी त्याचे पाय सोडले. तो उडी मारून खुर्चीच्या हातावर बसला. आप्पा त्याच्याकडं न बघता ती मुलगी गेली त्या दाराकडं बघत होते.

रात्री नवरा म्हणाला, "युसूफवडगावच्या आठवडी बाजारात सोडून येतो. कोन घेतंय, काय करतंय, आपल्याला कशाला पायजे?"

"बाजारात घेनारा कापायलाच घेनार," आप्पा म्हणाले. "न्हाईतर ठिवनार, अन् त्याच्या घरी बी लेकरू आसंल. आपन बगितलं न्हाई म्हंजी झालं न्हाई, आसं आसतं का?"

मला नवऱ्याचं पटत होतं. खरं तर मला कोंबड्याचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या पोटरीवर त्याच्या खुणा होत्या. मला भीती होती ती आप्पांची. तांबडा गेला की हा माणूस परत गप्प होईल, आणि यावेळी झाला की त्याला कोण परत आणणार? म्हणून मीच म्हटलं, "आप्पा, ऱ्हाऊ द्या त्याला. बांधून ठिवू. मी झाडू घेऊन फिरते की."

"बांधून? जल्मभर?"

त्यानंतर दोन-तीन दिवस ते बोलले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, डोळे उघडे, बघतायत कुठं ते सांगता येऊ नये असे. तांबडा मांडीवर. आभाळ भरलेलं, उजेड सगळीकडं सारखाच, झाडाची सावलीसुद्धा पडत नव्हती. दिवस सकाळीच थांबल्यासारखा वाटायचा. मी घरात हळू चालत होते आणि मनातल्या मनात त्या कोंबड्याला शिव्या देत होते.

मग एका सकाळी त्यांनी अंघोळ केली, पूजा केली आणि कुंपणाशी जाऊन काकूला हाक मारली.

"मालक हाय का घरी?"

"हाय की."

"सुरी हाय का धारंची?"

माझ्या हातातलं भांडं मोरीत तसंच राहिलं. आप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याला हात घातला. मला वाटलं, काढून देवघरात ठेवतायत. हात तसाच थोडा वेळ तिथं राहिला आणि मग खाली आला.

"त्याच्यापसून काय दडवायचं," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी तळहातावर ज्वारी घेतली. तांबड्यानं ती एकेक दाणा करून खाल्ली. मग त्यांनी त्याला काखेत घेतलं, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि गल्लीनं वळसा घालून काकूच्या दारात गेले. तांबडा जराही फडफडला नाही. मी कुंपणाच्या अलीकडं उभी होते, पण मला बघवलं नाही. मी आत येऊन हंड्याशी बसले. करडी होती तिथं.

नंतर काकूनंच सांगितलं. तिच्या नवऱ्यानं कोंबडा घ्यायला हात पुढं केला, तर आप्पांनी दिला नाही. म्हणाले, "तुझ्या हाताची सवय न्हाई त्याला, भ्येईल. मी धरतो, तू तुझं काम कर." आणि शेवटपर्यंत छातीशी धरून बसले. टॉवेलवरून त्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होते.

आप्पा परत आले ते सरळ मोरीत गेले आणि कपड्यांसकट डोक्यावर पाणी घेत राहिले. काकू मागोमाग कुंपणाशी आली. तिचे डोळे लाल होते. "आप्पा, तुमच्या म्होरं शिजवू वाटंना बगा. कुनाला तरी देऊन टाकते."

"शिजव," आतून आप्पा म्हणाले. "चांगला शिजव. वाया गेला तर मग कशापायी मेला तो?"

दिवसभर ते बोलले नाहीत. जेवले नाहीत. करडी दुपारी हंड्यामागून निघाली, उंबऱ्यापर्यंत आली, दोन्हीकडं मान वळवून बघितलं आणि परसात उतरली. वाकड्या तुऱ्याचा लांबूनच दाणे टिपत होता. आप्पांनी ते बघितलं की नाही, मला कळलं नाही.

दिवेलागणीला काकूच्या चुलीवरून मसाल्याचा वास आला. असा वास आला की आमच्यात परसदार लावून घेतात, उदबत्ती लावतात. मी दार लावायला उठले.

"ऱ्हाऊ दे उघडं," आप्पा म्हणाले.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. अंगण निळसर झालं होतं. वास येत होता आणि ते तो घेत होते, तोंड न वळवता. मला वाटलं, झालं, आता हा माणूस कायमचा गेला. मग ते बोलले, अगदी हळू.

"तिच्या टायमाला मी भायेर बसलतो. दवाखान्यात. नर्सबाई दोनदा बोलवायला आलती, आत या म्हनून. मला जाववलंच न्हाई. लई भ्याव वाटलं." काकूच्या चुलीकडं बघत म्हणाले, "त्याला धरलं आज मी. तिला न्हाई धरलं."

त्यांचा हात खुर्चीच्या हातावर होता. मनगटावर एक लांब ओरखडा होता, ताजा. सासऱ्याच्या हाताला हात लावायची आमच्यात रीत नाही. पाया पडण्यापलीकडं मी त्यांना कधी शिवले नव्हते. मी तो हात हातात घेतला, आणि वास पूर्ण जाईपर्यंत सोडला नाही.